म्युझिक सिस्टीम बसवायची आहे, मग गाडी कोणती घ्यावी? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबड भागात मी बरीच वर्षं गाड्यांच्या साउंडचं काम करतोय. लोक नवी कोरी गाडी घेऊन येतात आणि म्हणतात, "दादा, आता हिच्यात एकदम भारी सिस्टीम बसवा." पण आवाज किती चांगला होणार, यातलं निम्मं तर गाडी बुक करतानाच ठरून गेलेलं असतं. म्हणून गाडी घेण्याआधी जे विचारायला हवेत ते प्रश्न इथे घेतले आहेत.

स्पीकर तर कुठल्याही गाडीत बसतात. मग त्यासाठी गाडी बघून कशाला घ्यायची?

आपण नाशिकची माणसं, आपल्याला ढोल सांगायला नको. पान कितीही चांगलं असलं तरी पिंप हलकं असेल तर ढोल घुमत नाही. गाडीतही तसंच असतं. स्पीकर म्हणजे पान, आणि दार, डिकी, छप्पर, काचा मिळून पिंप. दाराचा पत्रा पातळ असला, आत मोठमोठी भोकं उघडी असली, तर वीस हजारांचा स्पीकरही पाच हजारांच्या स्पीकरसारखा वाजतो. कारण स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. ती हवा दाराच्या भोकांतून फिरून पुढे आली की दोन्ही लाटा एकमेकींना मारतात, आणि डग्ग्याची घुमक पहिल्यांदा जाते.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या आवाजाची. ऐंशीच्या वेगाला केबिनमध्ये ७० डेसिबलच्या आसपास घरघर असेल, तर तंबोरा, बासरीचा श्वास, तबल्याच्या चाटेवरचं बारीक काम हे सगळं त्याखाली गाडलं जातं. तुम्ही आवाज वाढवता. दुप्पट मोठं ऐकू यायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट वॉट. पाच डेसिबल शांत असलेली गाडी निवडली, तर पाच डेसिबलचा ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) फुकटात मिळाला असं समजा.

हॅचबॅक, सेडान की एसयूव्ही?

यावर लोक तावातावाने बोलतात. माझं मत सरळ आहे: कमी खर्चात भरपूर बेस हवा असेल तर हॅचबॅक, गाणं बारकाईने ऐकायचं असेल तर चांगली सेडान, दोन्ही हवं आणि खिसा तयार असेल तर एसयूव्ही.

हॅचबॅकचं नाव पहिलं का, ते समजून घ्या. बंद केबिनमध्ये एका ठराविक फ्रिक्वेन्सीच्या खाली बेस आपोआप वाढतो. ही फ्रिक्वेन्सी केबिनच्या लांबीवर अवलंबून असते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. केबिन अडीच मीटरची धरली तर सुमारे ७० हर्ट्झच्या खाली ही वाढ सुरू होते. केबिन तीन मीटरची असेल तर ती खाली ५७ च्या आसपास जाते. म्हणजे लहान गाडीत गाडीच बेसला लवकर हात देते. त्यात डिकी आणि केबिन एकच असल्याने सबवूफरची (फक्त बेससाठीचा मोठा स्पीकर, थोडक्यात सब) हवा थेट तुमच्यापर्यंत येते. स्विफ्टच्या आकाराच्या गाडीत बंद पेटीतला एकच दहा इंची सब नीट लावला, तर दोन माणसांना आणखी काही लागत नाही.

सेडानमध्ये डिकी वेगळी. मधे मागची सीट, पत्रा आणि पार्सल ट्रे. इथे पहिला प्रश्न: मागची सीट दुमडते का? निदान मधल्या आर्मरेस्टमागे झाकण आहे का? दोन्ही नसेल तर बेस डिकीतच अडकतो आणि रस्त्यावरच्या लोकांना जास्त, तुम्हाला कमी ऐकू येतो. पण याच भिंतीमुळे मागच्या चाकांचा आवाज केबिनमध्ये कमी येतो, म्हणून गाणाऱ्याचा आवाज सेडानमध्ये जास्त स्वच्छ लागतो.

सेडान घेणार असाल तर पार्सल ट्रेवर तळहात दाबून पाहा. माझ्या जुन्या सेडानमध्ये साधारण ५० हर्ट्झचा सूर आला की मागून 'झर्रर्र' असा आवाज यायचा. तीन दिवस शोधला. ट्रे काढला, फोम लावला, पट्ट्यांचे क्लिप बदलले. शेवटी सापडलं ते मागच्या काचेजवळच्या ब्रेकलाइटचं प्लास्टिकचं कव्हर. त्याचा एक खिळा ढिला होता. तेव्हापासून सेडान तपासताना मी सगळ्यात आधी त्या कव्हरला बोट लावून बघतो.

मोठ्या एसयूव्हीत जागा मुबलक, दारं जाड, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) मोठा. पण तिसरी रांग वापरणार असाल तर सीटमागे उरते ती जेमतेम वीतभर जागा. सबची पेटी ठेवायची की आजी-आजोबांना बसवायचं, हे घरी आधी ठरवून घ्या. आणि पॅनोरमिक सनरूफ असेल तर छताला डॅम्पिंग (थरथर दाबणारी शीट चिकटवणं) करायला पत्राच शिल्लक राहत नाही, वर त्याची चौकट बेसला खडखडू शकते. निव्वळ आवाजासाठी घेत असाल तर सनरूफ नसलेलं व्हेरिएंट घ्या.

शोरूममध्ये उभं राहून नेमकं काय तपासायचं?

पाऊण तास लागतो. सेल्समनला सांगून ठेवा की घाई करू नका.

पुढचं दार उघडा आणि बोटाच्या पेरांनी बाहेरच्या पत्र्यावर हँडलच्या खाली हलकं ठोका. 'टण्ण' असा डब्यासारखा आवाज आला तर पत्रा मोकळा आहे, डॅम्पिंगला जास्त शीट लागणार. 'थप' आला तर कंपनीने आतून पॅड लावलेला आहे. मग आतल्या पॅनेलवर स्पीकरच्या जाळीभोवती मूठ आपटा. बाटली ठेवायचा कप्पा, काचेच्या बटणांची पट्टी, हँडलची टोपी, यांतलं काय किरकिरतं ते लक्षात ठेवा. दार दोनदा आपटून बंद करा, एकदा सगळ्या काचा खाली असताना, एकदा वर असताना. काच खाली असताना आत काही लडबडलं, तर तेच उद्या बेसला लडबडणार.

आता जाळीचा व्यास पाहा. पुढच्या दारात साडेसहा इंची गोल स्पीकरची जागा असेल तर बाजारात हवे तेवढे पर्याय मिळतात. चारच इंचाची असेल, तर चांगल्या मिडबेससाठी (खोल बेसच्या वरचा थर) दार कापावं लागेल किंवा स्पीकरसाठी वेगळं पॉड (छोटी पेटी) बनवावं लागेल. त्यापेक्षा दुसरी गाडी बघा. स्पीकरची खोलीही महत्त्वाची. काच पूर्ण खाली गेल्यावर ती चुंबकाला लागता कामा नये. काही दारांमध्ये काच आणि पॅनेल यांच्यात इतकी कमी जागा असते की जाड मॅग्नेटचा स्पीकर बसतच नाही.

स्पीकर दारात कुठे आहे? खाली आणि पुढे, पायाच्या घोट्याजवळ असेल तर उत्तम. आपण उजव्या बाजूला बसतो; डावा स्पीकर आपल्यापासून लांब, उजवा जवळ. स्पीकर जितके खाली-पुढे, तितका हा फरक कमी. दोन्ही ट्विटरच्या (उंच, बारीक सुरांचे छोटे स्पीकर) अंतरात ५० सेंटिमीटरचा फरक असेल तर जवळचा आवाज सुमारे दीड मिलिसेकंद आधी पोहोचतो, आणि तेवढ्यात सगळं गाणं उजव्या काचेवर जाऊन चिकटतं. डीएसपी (आवाज डिजिटल पद्धतीने जुळवणारा डबा) बसवून जवळच्या स्पीकरला तितकाच उशीर देता येतो, गायक डॅशबोर्डच्या मधोमध येऊन उभा राहतो. पण जागाच चुकीची असेल तर डीएसपीलाही मर्यादा असतात. ए पिलरमध्ये (पुढच्या काचेशेजारच्या खांबात) किंवा आरशाच्या तिकोन्यात ट्विटरची जागा आधीच असली तर कापाकापी वाचते.

डिकीत वाकून चादर उचला. स्टेपनीच्या विहिरीभोवती किती जागा आहे, बाजूच्या कोपऱ्यांत पोकळी आहे का, दाराचं तोंड किती रुंद आहे ते बघा. मी एक पुठ्ठ्याचा खोका नेतो, साधारण ३० लिटरचा. बंद पेटीतला दहा इंची सब २० ते २८ लिटरमध्ये मस्त वाजतो, बारा इंची ३० ते ४० लिटर मागतो. खोका ठेवून वर तुमची नेहमीची बॅग बसली तर काम झालं.

टॉप व्हेरिएंट घेऊ की मधलं?

मधलं. किंवा म्युझिक सिस्टीमच नसलेलं खालचं. पूर्वी डेक (डॅशबोर्डमधला प्लेयर) म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटरचा सिंगल डिन किंवा १८० बाय १०० चा डबल डिन; काढला, दुसरा लावला. आता टॉप मॉडेलमध्ये मोठ्या पडद्यातच एसीची सेटिंग, कॅमेरा, टायर प्रेशर, सगळं असतं. तो पडदा काढायचा म्हणजे अर्धी गाडी बंद करायची. मग कंपनीचा डेक तसाच ठेवून स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घ्यावा लागतो आणि हाय-टू-लो कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल ॲम्पला चालेल इतका कमी करणारा) किंवा तसे इनपुट असलेला डीएसपी लावावा लागतो. हे होतं, उत्तम होतं. पण कंपनीने आवाज वाढवला की बेस आपोआप कापण्याची सोय केलेली असते, ती आधी मोजून सरळ करावी लागते. खर्च वाढतो.

खालच्या व्हेरिएंटमध्ये सुटा डेक असतो किंवा नुसतं झाकण. तिथे हवा तो लावा. फक्त स्पीकरची वायरिंग दारापर्यंत आलेली आहे का, ते विचारून घ्या. काही कंपन्या खालच्या मॉडेलला वायरच टाकत नाहीत, आणि दाराच्या रबरी नळीतून नवी वायर ओढणं किचकट असतं. सुरक्षेच्या गोष्टींत, म्हणजे एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), आवाजासाठी तडजोड करू नका.

एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनी, क्रेटामध्ये बोस, हॅरियरमध्ये जेबीएल येतं. मग बाहेरचं कशाला?

नव्वद टक्के लोकांना खरंच गरज नाही. एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या मॉडेलमधली बारा स्पीकरची सिस्टीम मी मन लावून ऐकलीय, चांगली आहे. अशी गाडी घेणार असाल तर पहिलं वर्ष काहीच करू नका. नंतरही कमी वाटलं तर चारही दारांना डॅम्पिंग करा आणि पुन्हा ऐका. बऱ्याच जणांचं तिथेच समाधान होतं. उलट तुम्हाला सगळं स्वतःच्या पसंतीनं उभं करायचं असेल तर ब्रँडेड सिस्टीमवाल्या मॉडेलचे जादा पैसे देऊ नका, कारण तीच सिस्टीम उद्या काढून ठेवावी लागते.

सीएनजी गाडीत सबवूफर बसतो का?

आपल्याकडे हा प्रश्न रोज येतो. एक मोठी टाकी असेल तर डिकी गेलीच. मग सीटखालचा आठ इंची ॲक्टिव्ह (आतच ॲम्प असलेला) सब हाच शहाणा पर्याय. टाटाच्या जुळ्या टाक्यांच्या गाड्यांत, म्हणजे टियागो, अल्ट्रोज, पंचमध्ये, टाक्या डिकीच्या तळाखाली जातात आणि वर सपाट जागा मिळते. एक्स्टरमध्येही जुळ्या टाक्यांचं मॉडेल आहे. सीएनजी आणि साउंड दोन्ही हवं असेल तर हाच प्रकार बघा.

पण वायरबद्दल कळकळीनं सांगतो. एका गाडीत दुसऱ्या एका दुकानाने ॲम्पची जाड वायर टाकीच्या व्हॉल्व्हला टेकवून नेली होती, फ्यूज न लावता. मालकाला कल्पनाच नव्हती. मी ती वायर आधी बॅटरीवरून सोडवली, मग बोललो. गॅसची नळी आणि पॉवर केबल गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्यायची. आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच, मग गाडी कुठल्याही इंधनाची असो.

थार घ्यायची आहे. साउंड चांगला होईल?

थार आपल्या नाशिकमध्येच तयार होते, त्यामुळे तिच्यावर जीव असणं मी समजू शकतो. पण आवाजासाठी ही अवघड गाडी आहे. वाऱ्याचा आणि टायरचा आवाज जास्त, डिकी लहान, आणि स्पीकर छताच्या पट्टीत. कापडी छपराची तर विचारूच नका. बेस बाहेर निघून जातो. हार्ड टॉप घ्या, छताला आतून डॅम्पिंग आणि फोम लावा, मग ऐकण्यासारखी होते. स्टेपनी मागच्या दारावर बाहेर असते, म्हणून मागे पातळ पेटीला जागा काढता येते.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी चालेल?

इलेक्ट्रिक गाडी ऐकायला सुंदर. इंजिनाचा आवाज नाही, सिग्नलला उभी असताना तर देवघरासारखी शांतता. मात्र इंजिन गेल्यामुळे टायरचा आवाज उघडा पडतो, म्हणून चाकांच्या कमानींना आणि फरशीला डॅम्पिंग आधी करा. नारिंगी रंगाच्या केबलला हात लावायचा नाही, त्या हाय व्होल्टेजच्या असतात. ॲम्पला वीज मिळते ती १२ व्होल्टच्या लहान बॅटरीतून, आणि तिला भरणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरची क्षमता ठरलेली असते. माफक वॉटचाच विचार करा.

माइल्ड हायब्रिड गाड्यांत दुसरी लहान लिथियम बॅटरी असते. तिच्यातून कधीही वीज घेऊ नका.

किती वॉट झेपतील?

डेकवर "५० बाय ४" लिहिलेलं असतं, ते शिखराचं. खरी ताकद चॅनेलमागे १८-२० वॉट. म्हणून आरएमएसचाच (सतत मिळणाऱ्या खऱ्या ताकदीचा) आकडा विचारा.

आता हिशेब. खरे ५०० वॉट देणारा क्लास डी ॲम्प घ्या, कार्यक्षमता ८० टक्के धरा. ५०० भागिले ०.८, म्हणजे ६२५ वॉट ओढले. चालू गाडीत व्होल्टेज १३.८ धरलं तर साधारण ४५ अँपिअर. लहान पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर साधारण ६० ते ९० अँपिअरचा असतो, आणि इंजिन आयडलला असताना तो यापेक्षा बराच कमी देतो. आता द्वारका चौकात मे महिन्यात उभे आहात असं धरा: एसी फुल, रेडिएटरचा पंखा चालू, वायपर नाही पण दिवे आहेत. तिथे बेस मारला की हेडलाइट लुकलुकतात. संगीतात सतत पूर्ण ताकद लागत नाही, सरासरी एक तृतीयांशाच्याही खाली असते, म्हणून लहान गाडीत ४००-५०० वॉटपर्यंत निभतं. हजारच्या पुढे जायचं असेल तर मोठ्या अल्टरनेटरची डिझेल गाडी घ्या.

नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर वीजेचा खर्च मोजणारा लहानसा सेन्सर असतो. ॲम्पची अर्थिंगची (निगेटिव्ह) वायर थेट टर्मिनलला दिली तर सेन्सरला खर्च दिसत नाही आणि बॅटरी हळूहळू उतरते. अर्थिंग गाडीच्या बॉडीला द्यावं, रंग खरवडून, घट्ट.

वॉरंटी आणि विम्याचं काय?

मूळ वायर कापली तर इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारायला कारण मिळतं. म्हणून तुमच्या गाडीसाठी तयार कपलर (मूळ वायरला न कापता जोडायचा प्लग) मिळतो का, हे गाडी घेण्याआधी विचारा. लोकप्रिय मॉडेल घेण्याचा हा मोठा फायदा. कपलर, स्पीकरच्या रिंगा, डॅशची फ्रेम, सगळं तयार मिळतं, काहीही न कापता बसतं आणि काढताही येतं.

बिल घ्या आणि विमा कंपनीला कळवा. जादा इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजसाठी साधारण किमतीच्या ४ टक्के वाढीव हप्ता बसतो. न कळवलेल्या सामानाचा दावा मिळत नाही.

पावसाळ्यात दारातले स्पीकर खराब होतात का?

इगतपुरीकडे वरचेवर जाणं असेल तर हा प्रश्न महत्त्वाचा. दाराच्या आत पाणी शिरतंच, ते काचेवरून खाली येतं आणि तळाच्या छिद्रांतून निघून जातं. डॅम्पिंग करताना कुणी उत्साहाने ती छिद्रं बंद केली तर दारात पाणी साचतं आणि दोन पावसाळ्यांत पत्रा गंजतो. काम झाल्यावर बादलीभर पाणी काचेवर ओतून खालून निघतंय ना, ते मालकासमोर दाखवायला सांगा. कागदी कोनऐवजी पॉलीप्रोपिलिनचा कोन घ्या.

रात्री वाजवलं तर पोलीस अडवतील का?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. चांगल्या सिस्टीमचं लक्षण म्हणजे आत भरभरून आणि बाहेर जवळजवळ काही नाही. ज्या गाडीची दारं घट्ट लागतात, रबरं जाड आहेत, ती इथेही जिंकते. कानांचंही बघा: ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा.

जुनी गाडी घेतली तर?

चालेल, कधीकधी नव्यापेक्षा बरी. सुटा डेक मिळतो. मात्र आधीच्या मालकाने साउंडचं काम केलं असेल तर डॅशखाली टॉर्च मारून बघा. चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरींचं जाळं दिसलं तर किंमत पाडून मागा किंवा सोडून द्या.

टेस्ट ड्राइव्ह कुठे घेऊ?

शोरूमचा माणूस तुम्हाला कॉलेज रोडला गुळगुळीत फेरी मारून आणेल. तुम्ही मुंबई नाक्यावरून उड्डाणपुलावर न्या. पुलाच्या जोडांवरून गाडी जाताना प्रत्येक जोडाला 'धप-धप' होतं आणि त्यात डॅश, ट्रे, दारं सगळी बोलतात. मग गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे धरणाकडे जा, रहदारी कमी झाली की एसी बंद, काचा बंद, सिस्टीम बंद. साठच्या वेगाला दोन मिनिटं गप्प बसून ऐका. शेजारच्या माणसाला नेहमीच्या आवाजात काहीतरी विचारा. त्याला "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं नाही, तर गाडी बाजूला घ्या, फोन जोडा, आणि ज्या गाण्याचा प्रत्येक श्वास तुम्हाला पाठ आहे ते लावा.